दोन्ही नावे माझीच

१

रत्नप्रभा गवाणकरला बासष्टाव्या वर्षी पासपोर्ट काढायची वेळ आली ती लेकीच्या बाळंतपणामुळे. एरवी बोरिवलीच्या कुलुपवाडीतून तिची धाव फार तर कणकवलीपर्यंत, तीही गणपतीत. लेक अक्षता मेलबर्नला. जावई देवव्रत तिकडच्या कुठल्याशा खाणीवर इंजिनियर. तीन आठवडे खाणीवर, एक आठवडा घरी. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी अक्षताला अंथरुणावरून फारसं उठायचं नाही असं सांगितलं, तेव्हा तिने फोनवर एवढंच विचारलं, "आई, येशील?"

"न येऊन काय करते," रत्नप्रभा म्हणाली. गोड बोलणं तिला जमत नसे. जे करायचं ते ती हाताने करी.

स्टेशनच्या पूर्वेला हर्षदचं दुकान होतं. झेरॉक्स, फोटो, पॅनकार्ड, आणि काचेवर चिकटवलेला कागद : पासपोर्ट-व्हिसाची सर्व कामे. हर्षदने तिचे कागद काउंटरवर पत्त्यांसारखे पसरले आणि त्यातला एक उचलला.

"मावशी, ही विमला कोण?"

तो शाळा सोडल्याचा दाखला होता. विमला सीताराम मेस्त्री.

"मीच. लग्नाआधीची."

"मॅरेज सर्टिफिकेट?"

"चौऱ्याऐंशी सालचं लग्न. अंगणात मांडव घातला होता. सर्टिफिकेट कुठलं बाबा?"

"मग अ‍ॅफिडेविट करावं लागेल. टेन्शन घेऊ नका, दहा मिनिटांचं काम."

बाजूच्या गाळ्यात नोटरी बसत. त्यांनी मजकूर पाठ असल्यासारखा भराभर वाचून दाखवला : मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की विमला सीताराम मेस्त्री व रत्नप्रभा दशरथ गवाणकर ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मी आहे. रत्नप्रभाने चष्मा सावरून सही केली.

"खाली जुन्या नावानं पण करा."

"बेचाळीस वर्षांत केली नाही हो तशी सही. कशी करायचे तेसुद्धा..."

नोटरींनी शिक्का मारायला कागद स्वतःकडे फिरवला. "केलीत की."

तिने वाकून पाहिलं. तिच्या सहीखाली निळ्या शाईत लिहिलं होतं : विमला सी. मेस्त्री. अक्षरं डावीकडे कललेली. माहेरी ती डावरी होती, तेव्हा तिची अक्षरं अशीच पडत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूने ती सवय सोडवली. डाव्या हाताचं देवाला चालत नाही म्हणून.

तिच्या हातातलं पेन काळ्या शाईचं होतं.

टेबलावर आणखी चार पेनं पडली होती. बोलता बोलता आपणच एखादं उचललं असेल, तिने मनाशी म्हटलं. हल्ली गॅस बंद केला का हेही ती दोनदा जाऊन बघायची. कागद पिशवीत घालून ती घरी आली.

२

पासपोर्टच्या ऑफिसात सगळं टोकनावर चालतं. भिंतीवरच्या पडद्यावर आकडा लागतो, टिंग असा आवाज होतो आणि माणसं उठतात. रत्नप्रभा समोरच्या ओळीत बसून फोटोच्या खुर्चीकडे बघत होती. खुर्ची रिकामी होती. फोटो काढणारी मुलगी चहाला गेली होती, आणि दहा मिनिटं त्या खुर्चीकडे कुणी फिरकलंही नव्हतं.

टिंग वाजलं. तिचा आकडा लागला. ती जाऊन खुर्चीत बसली आणि दचकून अर्धी उठली.

बैठक गरम होती. एखादं माणूस तासभर बसून आत्ताच उठून गेल्यावर लागते तशी.

मुलगी परत आली. गळ्यातल्या कार्डावर ऋतिका असं नाव होतं. तिने कीबोर्डवर दोन-चार बोटं मारली.

"आजी, तुमचं झालंय. पुढच्या काउंटरला जा."

"काय झालंय? मी आत्ता तर बसले."

"अहो, मघाशी नाही का काढला? मग मी चहाला गेले." तिने स्क्रीन फिरवली.

फोटोतली बाई रत्नप्रभाच होती. तीच तपकिरी साडी, तेच मंगळसूत्र. चष्मा काढलेला होता. पण चष्मा काढला तरी रत्नप्रभाच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना वळ राहतात, वीस वर्षांचे. या बाईचं नाक गुळगुळीत होतं. आणि हसू नका असं सांगितल्यावर हसू दाबताना होतात तसे तिचे ओठ मिटलेले होते.

"चांगला आलाय," ऋतिका म्हणाली. "बायका इथे किती घाबरलेल्या दिसतात. तुम्ही नाही."

त्या दिवशी चतुर्थी होती, सकाळपासून पोटात फक्त चहा होता. साखर उतरली असेल, डोकं फिरलं असेल, दोनदा बसलो असू. कॉरिडॉरमध्ये येऊन रत्नप्रभाने उपास मोडला आणि पर्समधली दोन बिस्किटं खाल्ली. हे सगळं उपासानेच झालं, असं तिने ठरवून टाकलं.

३

पोलीस चौकशीला येतील तेव्हा घरातच थांबा, असं हर्षदने बजावलं होतं. तीन दिवस ती थांबली. चौथ्या दिवशी दुपारी पीठ संपलं म्हणून दळण आणायला गेली, अर्ध्या तासासाठी. दशरथ आतल्या खोलीत पडले होते. गिरणी सुटल्यावर त्यांनी अंधेरीच्या एका कंपनीत पंचवीस वर्षं शिपायाची नोकरी केली. उभं राहून राहून गुडघे गेले होते.

डबा कमरेवर घेऊन ती जिना चढत होती, तर वरून एक हवालदार उतरत होता.

"तिसरा मजला, गवाणकर का?" त्याने विचारलं. "झालं काम. सही घेतली."

"कुणाची?"

"विमलाबाईंची. तुमच्या कोण त्या, बहीण का? चेहरा अगदी सेम. चहा झकास केला हां." त्याला आणखी दोन घरं करायची होती. तो बोलत बोलतच खाली गेला.

दार तिने ओढून घेतलं होतं तसंच होतं. बाहेरच्या खोलीत टेबलावर एक कपबशी, रिकामी. आत पंखा घरघरत होता.

"अहो, चहा कुणी केला?"

"तूच केलंस ना गो." दशरथनी डोळे न उघडता सांगितलं. "भायर पोलिसाशी बोलत होतंस. आवाज इलो माका."

"मी दळणाला गेले होते."

पंखा घरघरत राहिला. "मग झोपेत ऐकलंय आसतलंय," ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

ती स्वयंपाकघरात गेली. चहाचं भांडं घासून उपडं घातलेलं होतं, मोरीच्या डाव्या अंगाला. या घरात भांडी उजवीकडे निथळत. आणि गुळाच्या चहाचा वास येत होता. सासरी गुळाचा चहा कधीच झाला नाही; तो माहेरचा. खिडकीच्या जाळीवर नॅशनल पार्कातून आलेलं एक माकड बसून तिच्याकडे बघत होतं. माकडं केळी नेतात, फ्रीजसुद्धा उघडतात, सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण चहा करत नाहीत.

तिने भांडं उचललं. ते अजून कोमट होतं. तिने ते उजवीकडे ठेवलं, हात पुसले आणि मग उगाचच घरातली तिन्ही कपाटं उघडून बघितली.

४

संध्याकाळी दशरथच्या गुडघ्याला तेल लावताना तिने विचारलं, "अहो, माझं नाव बदललं ते कुणी हो ठरवलं?"

"आयेन. घरात आमची वयनी होती ना, विमल. एका घरात दोन विमल कशाक?"

"मग ती कुठे गेली?"

"वयनी? मेली नाय काय गो. किती वर्षां झाली."

"वहिनी नाही. दुसरी."

दशरथनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "खयची दुसरी?"

ती तेल चोळत राहिली. लग्नात तांदळाचं ताट पुढे आलं होतं आणि दशरथनी अंगठीने त्यात नाव काढलं होतं. समोरून तिला ती अक्षरं उलटी दिसली. तिने ती एकेक करून लावली आणि रत्नप्रभा म्हणजे कोण, म्हणून मागे वळून पाहिलं होतं. मांडवात सगळे हसले होते. त्या दिवसापासून जुन्या नावाने तिला कुणी हाक मारली नाही. वडील लवकर गेले, भाऊ ताई म्हणत. आणि खरं सांगायचं तर तिलाही त्या नावाची कधी आठवण झाली नाही.

पासपोर्ट आला. पुढच्या आठवड्यात व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला ती अंधेरीला गेली. छोटी खोली, पांढरी भिंत, मशीनवर हिरवट काच. उजव्या हाताची चार बोटं तिने काचेवर ठेवली. लाल दिवा लागला. पुन्हा ठेवली. पुन्हा लाल.

"रेषाच राहिल्या नाहीत आजी," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "भांडी घासून घासून जातात. डावा द्या."

डावा ठेवताच हिरवा दिवा लागला.

"हा कसा मस्त येतोय. तुम्ही डावखुऱ्या का?"

"नाही."

"बरं, उचला हात."

रत्नप्रभाने तो उचलला असं तिला वाटलं. मुलगी स्क्रीनकडे बघत होती. "आजी, उचला ना. पुढचं घ्यायचंय." हात काचेवरच होता, बोटं पसरलेली, निवांत टेकलेली. शेवटी उजव्या हाताने डाव्याचं मनगट धरून तिने तो काचेवरून काढला.

परत येताना ती तडक हर्षदकडे गेली. "ते जुनं नाव काढून टाक रे. नको मला ते."

"मावशी, आता काय बोलता! व्हिसाच्या फॉर्ममध्ये दोन्ही नावं गेलीत. विमला मी नाही म्हणालात तर अ‍ॅफिडेविट खोटं, पासपोर्ट खोटा, सगळी वाट लागेल. एअरपोर्टला कुणी विचारलं तर हो म्हणायचं. एवढंच. हो म्हणायचं."

५

व्हिसा आला. तिकीट निघालं : सकाळी अकराचं विमान, सिंगापूरला बदलायचं. डिंकाचे लाडू झाले, जुन्या साड्यांची दुपटी झाली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी अक्षताचा फोन आला.

"आई, सकाळी एवढं बोललीस, खूप बरं वाटलं गं."

रत्नप्रभा बॅगेची चेन लावत होती. तिचा हात थांबला. "सकाळी?"

"अगं विसरलीस? पाऊण तास बोलत होतो. तू मालवणी किती दिवसांनी बोललीस! आणि ते गाणं म्हणालीस, झोपाळ्याचं. मला माहीतच नव्हतं तुला गाणी येतात." अक्षताचा आवाज जरा ओला झाला. "आणि तू विचारलंस ना, भीती वाटते का म्हणून... आई, आजपर्यंत तू मला असं कधीच विचारलं नव्हतंस."

सकाळी रत्नप्रभा रेशनच्या चौकशीला गेली होती. फोन घरी चार्जिंगला होता.

"अक्षता," तिने घसा साफ केला. "तो फोन कुणाच्या नंबरवरून होता?"

"तुझ्याच. असं काय करतेस?"

"काही नाही. औषधं घेतलीस का वेळेवर?"

"घेतली," अक्षता म्हणाली. आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला, मुली आयांशी बोलतात तसा, हातचं राखून.

फोन ठेवल्यावर रत्नप्रभाने त्यातली कॉलची यादी उघडली. सकाळी दहा वाजून वीस. अक्षता. सेहेचाळीस मिनिटं. दशरथना विचारलं, त्यांना आलेला फोन तेवढा घेता येई, लावता येत नव्हता आणि ते सकाळभर खाली बाकावर बसले होते.

ती पलंगावर बसून राहिली. भीतीपेक्षा आधी तिला राग आला, आणि रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, ज्याची तिला लाज वाटली. माझ्या लेकीला भीती वाटते का, हे त्या बाईने विचारलं. मला नाही सुचलं.

मग भीती आली. जायचंच नाही, असं तिने एकदा ठरवलं. पण अक्षता तिकडे एकटी, जावई खाणीवर, दिवस भरत आलेले. तिने बॅगेला कुलूप लावलं.

६

दशरथ टॅक्सीने विमानतळापर्यंत आले. आत फक्त प्रवाशांना सोडत. दारावरच्या जवानाने पासपोर्ट पाहिला, तिकीट पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"संभाळून जा गो," दशरथ म्हणाले. "पोचलंस की फोन कर." त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. चारचौघांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

बॅग सरकत्या पट्ट्यावरून आत गेली. पुढच्या दालनात गालिचा होता. शेकडो माणसं चालत होती आणि कुणाच्याच पावलांचा आवाज नव्हता. आवाज येत होता तो फक्त शिक्क्यांचा. ठक. थांबून पुन्हा ठक. रांग सापासारखी वळत पुढे सरकत होती. रत्नप्रभा दर वळणावर माणसांचे चेहरे बघत होती. ती कुणाला शोधतेय हे तिला माहीत होतं. ती दिसली नाही.

काउंटरवर पस्तिशीची एक अधिकारी बाई होती, मराठीच.

"पहिल्यांदाच चाललात?"

"हो."

"कुणाकडे?"

"लेकीकडे. बाळंतपण आहे."

बाई हसली. पासपोर्टचं पान मशीनखाली धरलं, स्क्रीनकडे पाहिलं. "पूर्वीचं नाव विमला सीताराम मेस्त्री. तुम्हीच ना?"

हो म्हणायचं, एवढंच. हर्षदने दहादा घोकून घेतलं होतं.

रत्नप्रभाच्या डोळ्यांसमोर मेलबर्नचं ते घर आलं. तिने फोनवर पाहिलेलं, पांढऱ्या पडद्यांचं. पाळणा आणून ठेवलेला. हो म्हटलं की ही माझ्याबरोबर तिथे येणार. माझ्या नावावर, माझ्या कागदावर. पाळण्यापाशी बसणार. आणि नाही म्हटलं तर? कदाचित विमान चुकेल. पण कदाचित ती इथेच राहील, या शिक्क्याच्या अलीकडे. एकदा तोंडाने झिडकारलं की सुटलं.

"ती मी नव्हे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ती दुसरी बाई आहे. तिचा माझा काही संबंध नाही." आणि खरंच, डोक्यावरची जड पाटी कुणी उतरवून घ्यावी तसं तिला हलकं वाटलं. इतकं हलकं की तिने काउंटरची कड धरली.

अधिकारी बाईचं हसू गेलं होतं. तिने पासपोर्ट आणि बोर्डिंग पास बाजूला घेतले. "त्या खोलीत बसा जरा. साहेबांना विचारते."

७

खोलीत जमिनीला ठोकलेल्या तीन स्टीलच्या खुर्च्या होत्या. एक पाण्याचा कूलर. एसीच्या जाळीला कुणीतरी रिबिनीचा तुकडा बांधला होता, तो सारखा फडफडत होता. दाराची काच धुरकट. पलीकडून माणसं गेली की नुसते रंग सरकत. काउंटर दोन पावलांवर होतं. तिथलं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

एक गुजराती कुटुंब गेलं. ठक, ठक, ठक. एक पोरगा शिकायला चालला होता. ठक. साहेब कुणी आले नाहीत. भिंतीवरचं घड्याळ दहाला आलं. रत्नप्रभाने रिबिनीकडे बघत राहायचं ठरवलं.

"पहिल्यांदाच चाललात?" बाहेरून अधिकारी बाईचा आवाज आला.

"होय गो बाय."

आपलाच आवाज फोनवर रेकॉर्ड होऊन ऐकू यावा तसा तो आवाज होता. फक्त जास्त मोकळा.

"कुणाकडे?"

"चेडवाकडे. बाळंतपण आसा तिचा. एकटीच आसा ती, घाबारता."

"अरे वा. पूर्वीचं नाव विमला सीताराम मेस्त्री. तुम्हीच ना?"

"मीच तर. दोनव मीच."

ठक.

"जा, मावशी. नातवंड झालं की पेढे पाठवा."

दोघी हसल्या.

रत्नप्रभा उठली. दाराची मूठ धरून तिने ओढलं. दार हललं नाही. पुन्हा ओढलं. काचेपलीकडे एक तपकिरी रंग आला, तिच्याच उंचीचा, आणि दारासमोर येऊन थांबला. बाकीचे रंग मागून जात राहिले. हा जागचा हलत नव्हता. एसीची रिबीन फडफडत होती. त्या रंगाचा वरचा भाग किंचित वाकला, आत डोकवावं तसा.

मग तो गेला.

दार बाहेर ढकलायचं होतं. ते तिला बऱ्याच वेळाने सुचलं. बाहेर आली तेव्हा काउंटरवर एक सरदारजी उभे होते. अधिकारी बाईने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत ओळख नव्हती.

"मॅडम, तुम्ही कुठून आलात? आत कशा आलात?"

"माझा पासपोर्ट तुमच्याकडे आहे. रत्नप्रभा गवाणकर."

बाईने स्क्रीन पाहिली, मग पुन्हा तिला पाहिलं. "त्या गेल्या पुढे. दहा वाजून सात मिनिटांनी."

पुढचे दोन तास तिला नीट आठवत नाहीत. दोन साहेब आले, एक जवान आला. तिच्यापाशी पर्स होती, त्यात आधार कार्ड होतं, चष्म्याचं घर होतं, बिस्किटं होती. फोटोवरून चेहरा जुळत होता, म्हणून ते जास्तच गोंधळले. कुणीतरी हळूच म्हणालं, वय झालंय, बहिणीला सोडायला आली असेल, चुकून आत शिरली. शेवटी तिने दशरथचा नंबर दिला. ते रिक्षाने परत आले. तिला बाहेरच्या बाकावर बसलेली पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला.

"गेलंस नाय? काय झाला गो?"

तिने सगळं सांगितलं, अगदी नोटरीच्या सहीपासून. ते काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिले. "पासपोर्ट चोरलो कुणीतरी," ते म्हणाले. "उद्या हर्षदाक घेवन पोलिसात जावया. चेडवाक आत्ताच काय सांगा नको. असल्या दिवसांत घाबारतली."

८

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता दशरथच्या फोनवर अक्षताचा व्हिडिओ कॉल आला. मेलबर्नला तेव्हा दुपार होती. दशरथनी फोन साखरेच्या डब्याला टेकवला. रत्नप्रभा त्यांच्या शेजारी, जराशी बाजूला बसली होती. काय सांगायचं, कसं सांगायचं, हे दोघांनी रात्री ठरवलं होतं.

"बाबा!" अक्षताचा चेहरा फुलला होता. "आई पोचली! सकाळीच आली, कसला त्रास नाही की काही नाही. देवव्रतचा मित्र आणायला गेला होता. म्हटलं झोप, तर लगेच ओट्याशी उभी."

दशरथ फोनवर वाकले.

"बघा ना." अक्षताने फोन फिरवला. पांढरे पडदे, खिडकीतलं ऊन, ओट्यापाशी पाठमोरी एक बाई. तपकिरी साडी, डोक्यावर पदर नाही, केसांचा सैल अंबाडा. ती काहीतरी चिरत होती आणि हलक्या आवाजात गुणगुणत होती. सुरीचा आवाज एकसारखा येत होता.

रत्नप्रभा खुर्चीतून पुढे सरकली. ओरडायचं होतं. अक्षता, ऊठ, बाहेर जा, ती मी नव्हे. शब्द ओठापर्यंत आले. आणि तेव्हाच सुरीचा आवाज थांबला.

बाई पाठमोरीच होती. पण तिची मान अशी स्थिर झाली होती, जशी पलीकडचं ऐकायला होते.

माझा आवाज ऐकला की ती वळेल, रत्नप्रभाला कळलं. वळल्यावर काय होईल ते नाही कळलं. अक्षता तिच्यापासून चार पावलांवर होती. रत्नप्रभाने पदर तोंडात कोंबला आणि श्वाससुद्धा आवरला.

थोड्या वेळाने सुरी पुन्हा चालू लागली.

"किती वर्षांनी आई अशी खूश दिसतेय, ना बाबा?" अक्षता पुन्हा स्वतः दिसू लागली. मग तिच्या कपाळावर आठी पडली. "बाबा, बाजूला कोण बसलंय? साडीचा काठ दिसतोय."

दशरथ हळूहळू वळले. त्यांनी रत्नप्रभाकडे पाहिलं. तिचे केस, कपाळ, चष्मा, तोंडात कोंबलेला पदर. मग फोनकडे. मग पुन्हा तिच्याकडे. त्यांचे ओठ काहीतरी जुळवत होते. काठीकडे गेलेला त्यांचा हात तिने पाहिला.

"कोण नाय गो," ते लेकीला म्हणाले. "शेजारणीची कोण पावणी इलीसा."

"बरं. मी नंतर करते फोन. आई जेवायला हाक मारतेय."

पडदा काळा झाला. घरात पंख्याचा आवाज होता. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. दशरथ उठले, आपली खुर्ची त्यांनी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला नेली आणि दाराकडे पाठ होणार नाही अशी ठेवली. मग ते टेबलाच्या लाकडाकडे बघत बसले.

"अहो," ती म्हणाली. "अहो, मी आहे."

त्यांनी मान वर केली नाही. घरात आलेल्या परक्या बाईशी बोलावं तसं, खालच्या, अदबीच्या आवाजात ते म्हणाले, "तुमी बसा. मी च्या टाकतंय."